स्किन कलर कुणाचा?



आज वाचायला बसण्याआधी एक छोटंसं काम करा. दप्तरातली रंगपेटी काढा. नाही, चित्र नाही काढायचं. फक्त एक खडू शोधायचाय. तोच, ज्याला आपण सगळे 'स्किन कलर' म्हणतो. फिकट, गुलाबीसर. सापडला? आता तो आपल्या मनगटावर धरा. जुळतोय का? आईच्या हाताशी धरून बघा. बाबांच्या? आजीच्या?

बहुतेक घरांत जुळायचा नाही. मग हा 'स्किन कलर' नेमका कुणाच्या स्किनचा? आणि बालवाडीपासून आपण "ए, स्किन कलर दे ना" म्हणत आलो, तेव्हा हा प्रश्न आपल्याला कधी पडला कसा नाही?

हा प्रश्न अमेरिकेत खरोखरच पडला होता. तिथली 'क्रेयोला' ही मेणाच्या खडूंची फार जुनी कंपनी. त्यांच्या पेटीतल्या अशाच एका खडूवर 'फ्लेश', म्हणजे अंगाचा रंग, असं छापलेलं असायचं. १९६२ साली कंपनीने ते नाव बदललं आणि खडूला 'पीच' म्हणायला सुरुवात केली. पुढे २०२० मध्ये त्याच कंपनीने माणसांच्या कातडीच्या चोवीस वेगवेगळ्या छटांची पेटीच काढली.

आता विचार करा. नाव बदलायच्या आधी ती पेटी वापरणाऱ्या गोऱ्या मुलाला 'फ्लेश' हे नाव कधी खटकलं असेल का? कसं खटकणार! त्याच्या हाताशी तो रंग जुळतच होता. पण शेजारच्या काळ्या मुलाने तोच खडू उचलला, की त्याच्या लक्षात येणार की ही पेटी बनवताना कुणी आपला विचार केलेला नाही. खडू एकच. एकाला काहीच दिसलं नाही, दुसऱ्याला पहिल्याच दिवशी दिसलं.

हे सगळं मला आठवलं ते एका पत्रामुळे. आठवीतल्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलंय, "प्रिय मावशी, आम्ही मार्टिन ल्यूथर किंगबद्दल वाचलं. अमेरिकेत काळ्या लोकांना बसमध्ये मागे बसवायचे, वेगळ्या शाळेत घालायचे. मला प्रश्न पडला, की तिथले बाकीचे लोक काय करत होते? त्यांना दिसत नव्हतं का? की सगळेच दुष्ट होते?" पत्राच्या शेवटी तिने एक ता. क. पण लिहिलाय. त्याच्याकडे मी नंतर येते.

मैत्रिणी, प्रश्न अगदी नेमका विचारलास. सगळेच दुष्ट असते, तर गोष्ट सोपी होती. दुष्ट माणसं ओळखू येतात. खरी पंचाईत अशी, की बहुतेक लोक चांगलेच होते. आपल्या मुलांवर माया करणारे, दर रविवारी चर्चमध्ये जाणारे, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावणारे. फक्त तो शेजारी गोरा असायचा, एवढंच.

एक उदाहरण सांगते. १४ नोव्हेंबर १९६०. अमेरिकेच्या दक्षिणेतलं न्यू ऑर्लिन्स शहर. रूबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची काळी मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा एका गोऱ्या मुलांच्या शाळेत निघाली. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच दिला होता. पण ह्या मुलीला शाळेच्या दारापर्यंत पोहोचवायला केंद्र सरकारचे चार मार्शल लागले! बाहेर आरडाओरडा करणारी ही गर्दी. छोट्या रूबीला वाटलं, काहीतरी जत्रा आहे. त्यांच्या शहरात 'मार्दी ग्रा' नावाचा मोठा उत्सव असतो, त्याचीच मिरवणूक असणार! ती गर्दी आपल्याला हाकलायला जमलीय, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. गोऱ्या पालकांनी आपापली मुलं शाळेतून काढून घेतली. अख्खं वर्ष त्या वर्गात फक्त दोघीच होत्या. एक रूबी आणि दुसरी तिला शिकवायला तयार झालेली एकमेव शिक्षिका, बार्बरा हेन्री.

ह्यानंतर दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, गॅलप ह्या संस्थेने गोऱ्या अमेरिकनांना विचारलं, की तुमच्या भागात काळ्या मुलांना गोऱ्या मुलांइतकीच चांगल्या शिक्षणाची संधी मिळते का? शंभरातल्या ऐंशीहून जास्त लोकांनी उत्तर दिलं, "हो, मिळते की!"

विश्वास बसतो? रूबीचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले होते. लोकांनी ते पाहिलेही होते. पण 'ते तिकडे दक्षिणेत, आमच्याकडे तसं काही नाही' असं म्हणायला कितीसा वेळ लागतो?

आपल्याकडे म्हणतात ना, ज्याचं जळतं त्याला कळतं. पण मग ज्याचं जळत नाही, त्याला कधी कळायचंच नाही का? हाच प्रश्न एका शिक्षिकेला पडला होता. आजची खरी गोष्ट तिचीच.

तिचं नाव जेन इलियट. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या राइसव्हिल ह्या छोट्याशा गावात ती तिसरीच्या वर्गाला शिकवायची. गावात सगळे गोरेच. ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी मार्टिन ल्यूथर किंग यांची मेम्फिस शहरात गोळी घालून हत्या झाली. जेनबाई घरी टीव्हीवर बातम्या बघत होत्या. एक गोरा वार्ताहर काळ्या पुढाऱ्याला विचारत होता, की आमचा नेता मारला गेला तेव्हा त्याच्या पत्नीने आम्हाला सावरलं, आता तुमच्या लोकांना कोण आवरणार? 'आम्हाला सावरलं' आणि 'तुमच्या लोकांना आवरणार'. हा शब्दांतला फरक बाईंना टोचला. बोलणाऱ्याच्या मात्र तो गावीही नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनी विचारलं, "बाई, त्या किंगना का मारलं?" नुसतं समजावून सांगून उपयोग नाही, हे बाईंना माहीत होतं. 'भेदभाव वाईट असतो' हे वाक्य मुलांना पाठच होतं. (तुम्हालाही पाठ आहे. मलाही.) मग त्यांनी एक विलक्षण खेळ मांडला. तोच खेळ त्यांनी पुढच्या वर्षीही खेळवला, आणि १९७० मध्ये तर टीव्हीवाल्यांनी त्याचं चित्रीकरण केलं. त्यामुळे काय काय घडलं, ते आज आपल्याला डोळ्यांनी बघता येतं.

बाईंनी वर्गाचे दोन गट पाडले. निळ्या डोळ्यांची मुलं आणि तपकिरी डोळ्यांची मुलं. मग जाहीर केलं, की निळ्या डोळ्यांची माणसं जास्त हुशार आणि जास्त चांगली असतात. म्हणून त्यांना मधल्या सुट्टीत पाच मिनिटं जास्त. जेवताना त्यांनाच दुसऱ्यांदा वाढून घेता येईल. पिण्याच्या पाण्याचा नळ त्यांच्यासाठी. तपकिरी डोळ्यांच्या मुलांनी त्या नळाला तोंड लावायचं नाही, कागदी पेल्यातून प्यायचं. आणि लांबूनही ओळखू यावं म्हणून तपकिरी डोळेवाल्यांच्या गळ्यात कापडी पट्टा.

किती वेळ लागला असेल हे खरं वाटायला? बाई सांगतात, पंधरा मिनिटं! इतकी गुणी, समंजस मुलं, पण पंधरा मिनिटांत एकमेकांवर उलटली. कालपर्यंतचे जिवलग मित्र वेगळे झाले. एका मुलाने तर सुचवलं, की बाई, ही तपकिरी डोळेवाली मुलं हाताबाहेर गेली तर जवळ असू द्या म्हणून फूटपट्टी टेबलावरच ठेवा! मधल्या सुट्टीत मारामारी झाली. का? तर एकाने दुसऱ्याला "तपकिरी डोळ्या" म्हणून हाक मारली. काल ती नुसती डोळ्यांची खूण होती. आज ती शिवी झाली.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, काल मी खोटं बोलले, खरं म्हणजे तपकिरी डोळेवालेच श्रेष्ठ. पट्टे बदलले, नियम उलटले.

आता त्यातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट सांगते. बाई दोन्ही दिवस मुलांकडून वाचनाच्या शब्दपट्ट्या वाचून घेत आणि घड्याळ लावत. तपकिरी डोळ्यांच्या मुलांना गळ्यात पट्टा असताना साडेपाच मिनिटं लागली होती. दुसऱ्या दिवशी पट्टा निघाल्यावर? अडीच मिनिटं! निळ्या डोळेवाल्यांना आदल्या दिवशी तीन मिनिटं लागली होती, पट्टा चढल्यावर चार मिनिटं अठरा सेकंद लागली. मुलं तीच, शब्द तेच. बाईंनी विचारलं, काल वेळ का लागला? तर मुलं म्हणाली, आम्ही त्या पट्ट्याचाच विचार करत होतो.

आता इथे जरा थांबा आणि दुसऱ्या बाजूने बघा. पहिल्या दिवशी तीन मिनिटांत वाचणाऱ्या निळ्या डोळ्यांच्या मुलांना काय वाटलं असेल? 'आम्ही हुशार, म्हणून पटकन वाचलं.' आपल्या गळ्यात पट्टा नाही, म्हणून वाचायला सोपं गेलं, असं कोण म्हणणार! नसलेला पट्टा जाणवत नाही ना. मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या गळ्यात जन्मापासून पट्टा नव्हता. म्हणून पट्टा असा काही प्रकार असतो, हेच त्यांना पटत नव्हतं.

आणि उरलेलं अर्धं? ते असं, की पट्टा दाखवणाऱ्याचाच राग येतो.

मुलांनी ह्या अनुभवावर लिहिलेले निबंध वर्तमानपत्रात आले. १९६८ सालीच जेनबाईंना टीव्हीच्या एका प्रसिद्ध कार्यक्रमात बोलावलं गेलं आणि त्यानंतर पत्रांचा पाऊस पडला. त्यात संतापलेली पत्रं पुष्कळ. एका पत्राचा मतलब असा होता, की गोऱ्या मुलांवर असला क्रूर प्रयोग करायची तुमची हिंमत कशी झाली? काळ्या मुलांना लहानपणापासून अशा वागणुकीची सवय असते, पण गोऱ्या मुलांच्या मनावर किती परिणाम होईल!

पुन्हा एकदा वाचा ते. लिहिणाऱ्याला सगळं माहीत होतं! काळ्या मुलांना रोज अशी वागणूक मिळते, आणि ती क्रूर आहे, हे दोन्ही त्याने स्वतःच लिहून दिलं. तरी राग कुणावर? तर ते उघड करणाऱ्या बाईंवर. गावातल्या अनेकांनी जेनबाईंशी बोलणं टाकलं. त्यांच्या मुलांना शाळेत त्रास झाला. त्यांच्या आईवडिलांच्या हॉटेलचं गिऱ्हाईक तुटलं.

हा प्रयोग बरोबर होता का, ह्यावर आजही वाद आहे. लहान मुलांना न सांगता असं दुखावणं योग्य नाही, असं म्हणणारे बरेच शिक्षक आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. तेव्हा कृपा करून तुमच्या वर्गात हा खेळ खेळू नका हं! १९८४ मध्ये त्या वर्गातली बरीच मुलं मोठी होऊन पुन्हा राइसव्हिलला जमली. ते दोन दिवस आम्ही विसरलो नाही, आणि आमच्या मुलांना वाढवताना ते उपयोगी पडतात, असं ती म्हणाली.

पुढे जेनबाई मोठ्या माणसांनाही शिकवू लागल्या. सभागृहात गोऱ्या श्रोत्यांना त्या एकच गोष्ट सांगत. आपल्या समाजात काळ्या लोकांना जसं वागवलं जातं, तसं स्वतःला वागवलेलं ज्यांना चालेल, त्यांनी उभं राहा. कुणी उभं राहत नसे. मग त्या म्हणत, म्हणजे काय चाललंय हे तुम्हाला माहीत आहे, आणि ते तुम्हाला स्वतःला नको आहे. मग दुसऱ्यांच्या बाबतीत तुम्ही ते कसं चालवून घेता?

तुमच्यातला एखादा म्हणेल, "मावशी, पण माझ्या पणजोबांनी काही केलं असेल, तर त्यात माझी काय चूक?" खरंय. चूक नाहीच. पण समजा, दुसऱ्या महायुद्धातून दोन सैनिक अमेरिकेत परतले. एक गोरा, एक काळा. दोघांनाही घर बांधायचंय. १९३० च्या दशकात तिथे शहरांचे नकाशे बनवले गेले होते आणि काळ्या लोकांच्या वस्त्या त्यांत लाल रंगाने रंगवल्या होत्या. म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. गोऱ्या सैनिकाला सरकारी हमीचं स्वस्त कर्ज मिळालं, काळ्याला बहुधा नाही. पहिल्याचं घर झालं, घराची किंमत वाढली, त्यावर मुलगा कॉलेजात शिकला. दुसरा भाड्याच्या घरातच राहिला. आता त्या गोऱ्या सैनिकाचा नातू म्हणतो, "मला कुणी फुकट काही दिलेलं नाही, मी मेहनतीने वर आलो." त्याची मेहनत खरी आहे. पण पायाखाली आजोबांचं घर होतं, तेही खरं आहे. घरांच्या बाबतीत असा भेद करायला बंदी घालणारा कायदा झाला तो एप्रिल १९६८ मध्ये, किंगच्या हत्येनंतर आठवड्याभराने. तोवर दोन पिढ्या निघून गेल्या होत्या. हे कबूल केलं, तर नातवाची मेहनत कमी होत नाही. फक्त शेजारच्याला "तू आळशी आहेस" म्हणायची त्याला सोय राहत नाही.

आता तो ता. क. तिने लिहिलंय, "आमच्या वर्गात एका मुलीला सगळे 'डांबर' म्हणतात. ती पण हसते. बाई म्हणाल्या, मैत्रीतली गंमत आहे, मनावर घेऊ नये. तो काही वर्णभेद नाही ना, मावशी?"

मैत्रिणी, पत्र बंद करण्याआधी तू हे लिहिलंस, म्हणजे तुला उत्तर माहीत आहे. मला वाटतं, म्हणूनच तू लिहिलंस.

ती हसते, कारण हसली नाही तर 'हिला गंमत कळत नाही' म्हणतील. मी शाळेत असताना आमच्या वर्गातही अशी एक मुलगी होती, आणि हसणाऱ्यांत मी होते. माझा रंग जरा उजळ, त्यामुळे मला कधी कुणी काही म्हटलं नाही. स्नेहसंमेलनात राणीचं काम मला मिळालं. मी तेव्हा समजले, की माझा अभिनय चांगला म्हणून! पाठांतर तिचं माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. हे कबूल करायला मला फार वर्षं लागली.

आणि नुसता रंगच कशाला? त्या कागदी पेल्यांबद्दल वाचताना तुम्हाला काही आठवलं नाही? आपल्या महाराष्ट्रातल्या शाळेत लहानग्या भीमरावाला वेगळं, गोणपाटावर बसावं लागे. नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने नळ उघडला तरच पाणी, नाहीतर तहानलेलंच राहायचं. हे बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या शाळेतल्या बाकीच्या मुलांना नळ उघडणं ही काही विशेष सवलत वाटत असेल का? जोतिराव फुल्यांनी तर हे नातं फार आधी ओळखलं होतं. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेत काळ्या लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी झटलेल्या लोकांना. दूरच्या देशातला पट्टा त्यांना दिसला, कारण आपल्या गावातला त्यांनी आधी पाहिला होता. आपण मात्र उलटं करतो. अमेरिकेतला वर्णभेद परीक्षेत मुद्देसूद लिहितो आणि आपल्या वर्गात 'गंमत होती हो' म्हणतो.

आता आईबाबांसाठी दोन शब्द. (मुलांनो, हे त्यांना वाचून दाखवा.) उन्हात खेळून आलेल्या लेकीला आपण "काळी पडशील" म्हणतो, बाळ बघायला गेलो की आधी रंग विचारतो. गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० साली नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. पण ट्यूबवरचं नाव बदललं म्हणून घरातली भाषा आपोआप बदलत नाही. मुलं आपल्याकडूनच शिकतात, तीही पंधरा मिनिटांत.

आणि मैत्रिणी, तू काय करायचंस? भाषण नको ठोकूस. पुढच्या वेळी कुणी 'डांबर' म्हणालं, की हसू नकोस. तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मार, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. कदाचित तुझ्यावरच चिडतील. "मोठी आली शहाणी" म्हणतील. जेनबाईंच्या गावाने तेच केलं होतं. मग एकदा तिला एकटीला विचार, तुला खरंच आवडतं का हे? आणि ती जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐकून घे. 'मी तर कधी तुला म्हटलं नाही' हे वाक्य जिभेवर येईल. ते गिळून टाक.

बाकीच्यांसाठी ह्या आठवड्याचं काम सोपं आहे. रंगपेटीतले दोन-तीन खडू मिसळून स्वतःच्या हाताचा रंग बनवा. मग घरातल्या प्रत्येकाचा. कोणकोणते खडू लागले, ते मला लिहून कळवा. पत्राखाली नाव, इयत्ता आणि गाव लिहायला विसरू नका हं!

तुमची,
मावशी